बालविकासातील विकारांचे पदव्युत्तर शिक्षण: कोणती पदवी कोणते दार उघडते?

शेवंती

नमस्कार. कोल्हापुरातून मानसशास्त्रात बी.ए. करून मी सध्या पुण्यातील एका शाळेत शॅडो टीचर म्हणून काम करते. ज्या मुलाबरोबर मी वर्गात बसते तो सात वर्षांचा आहे. त्याच्या फाइलमध्ये तीन ठिकाणांहून आलेली तीन निदाने आहेत: एकात स्वमग्नता, दुसऱ्यात अतिचंचलता आणि तिसऱ्यात भाषाविकासातील विलंब. तिन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असतीलही. पण हे सगळे एकाच मुलात कोणत्या क्रमाने घडत गेले आणि एका गोष्टीचा दुसरीवर काय परिणाम झाला, हे त्यांपैकी एकाही कागदावर लिहिलेले नाही. मला नेमके तेच शिकायचे आहे.

अनेक विद्यापीठांचे एम.ए.चे अभ्यासक्रम डोळ्यांखालून घातले. बहुतेक ठिकाणी बालपणातील विकार हा एका पेपरातील एक घटक असतो. निकष, लक्षणे, उपचार, आणि लगेच पुढचा विकार. मूल कसे वाढते आणि त्या वाढीची वाट कुठे वळते, याला त्यात जागाच दिसत नाही. माझे मत घाईचे असेल तर जाणकारांनी जरूर खोडून काढावे.

विचारायचे ते असे. महाराष्ट्रात किंवा बाहेर या विषयाचे गंभीर पदव्युत्तर शिक्षण कुठे मिळते? परदेशातील एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी कर्ज काढणे योग्य ठरेल का? आणि शिकून झाल्यावर कोणत्या पदवीने प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करता येते?

नागपूरकर_मास्तर

शेवंती, तुमची तळमळ शिकण्याची आहे, पण उत्तराची सुरुवात मला तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून करावी लागेल, कारण तो शेवटी ठेवलेले विद्यार्थी दरवर्षी माझ्यासमोर येऊन बसतात.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींबरोबर व्यावसायिक काम करणाऱ्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, करते. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. त्याच्या कलम १३ नुसार मान्यताप्राप्त अर्हता आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याखेरीज पुनर्वसन व्यावसायिक म्हणून व्यवसाय करता येत नाही आणि अशा व्यावसायिकाच्या सहीचे प्रमाणपत्रही देता येत नाही. उल्लंघनासाठी एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ हे सारे या नोंदवहीत येतात.

आता मेख अशी आहे की साध्या विद्यापीठीय एम.ए.ने ही नोंदणी मिळत नाही. आजवरचा रूढ मार्ग म्हणजे एम.ए.नंतर आरसीआयमान्य संस्थेत दोन वर्षांची एम.फिल. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच बंद केली. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोरुग्ण समाजकार्य या दोन शाखांना मात्र २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली. तिच्या जागी आरसीआयने चिकित्सा मानसशास्त्राची नवी एम.ए. आणि सायडी (मानसशास्त्रातील व्यावसायिक डॉक्टरेट) अशी मांडणी पुढे आणली आहे. म्हणजे यापुढे बाजारात ‘एम.ए. चिकित्सा मानसशास्त्र’ या एकाच नावाच्या दोन पदव्या असतील, एक परिषदेच्या मान्यतेची आणि एक नुसती विद्यापीठाची. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरून हा फरक कळणार नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि मान्यतेचे वर्ष या तिन्ही गोष्टी स्वतः तपासून मगच शुल्क भरावे.

ठोंब्या

दंड हजार रुपये आणि एका असेसमेंटची फी त्याच्या कितीतरी पट. कायदा करणाऱ्यांनी हिशेब कोणाच्या सोयीने मांडला, असा प्रश्न पडतो.

वाचाशोध

मास्तरांशी सहमत आहे. त्यांच्या यादीत माझ्या शाखेपुरती थोडी भर घालते.

‘बालविकासातील विकार’ असा एकच विभाग आपल्याकडे जवळजवळ नसतो. मूल विभागांमध्ये वाटून घेतलेले असते. बोलणे आमच्याकडे, हालचाल आणि संवेदना ऑक्युपेशनल थेरपीकडे, वर्तन व बुद्धिमापन मानसशास्त्राकडे, वाचन-लेखन विशेष शिक्षकांकडे आणि औषध डॉक्टरांकडे. यांतील बहुतेक दारे बारावीनंतरच ठरतात. वाचा व भाषा विकारांच्या एम.एस्सी.ला बी.ए.एस.एल.पी. (श्रवण व वाचा-भाषा विषयातील पदवी) केल्याशिवाय प्रवेश नाही, मग ती वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत असो वा म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत. ऑक्युपेशनल थेरपीचेही तसेच आहे. म्हणजे बी.ए. मानसशास्त्र झालेल्या शेवंती यांच्यासाठी ही दोन दारे बंदच समजावीत, पुन्हा पहिल्या वर्षाला बसण्याची तयारी नसेल तर.

मात्र त्यांचा जो मूळ मुद्दा आहे, आधी सामान्य वाढ शिकवा मग विकार, तो शंभर टक्के खरा आहे. उदाहरण देते. तीन वर्षांचे मूल ‘घोडाला चारा दे’ म्हणाले तर आपण कौतुकाने हसतो, कारण ‘ला’ लागतो हे त्याला कळले आहे, फक्त ‘घोडा’चा ‘घोड्या’ व्हायचा राहिला आहे. सात वर्षांचे मूल बोलताना सातत्याने तसेच म्हणत असेल तर मी वहीत नोंद करते आणि लिंग-वचनाचा मेळ कसा घालते हेही ऐकू लागते. हे कळण्यासाठी विकारांचे पुस्तक पाठ असून उपयोग नाही. तीन, चार, पाच, सहा वर्षांची पुष्कळ मराठी मुले बोलताना ऐकलेली असावी लागतात. विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते विचारतात, ‘याचे नॉर्म्स, म्हणजे वयानुसारची मानके, कुठे मिळतील?’

वाचनाबाबतही हेच. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची; जोडाक्षरात अर्धा वर्ण पोटात किंवा डोक्यावर. इंग्रजीसाठी बनवलेल्या चाचणीत या चुका पकडण्याची सोयच नसते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

थेम्सकाठी

मी लंडनमध्ये याच विषयाची एम.एस्सी. केली आहे, म्हणून परदेशाच्या प्रश्नाला उत्तर देतो आणि मास्तरांशी थोडा मतभेदही नोंदवतो.

आधी वस्तुस्थिती. ब्रिटनमधली एका वर्षाची एम.एस्सी. व्यवसायाचा परवाना देत नाही. तिथे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ आणि ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ ही नावे कायद्याने संरक्षित आहेत, एचसीपीसी या संस्थेची नोंदणी लागते आणि त्यासाठी पुढे डॉक्टरेटच्या दर्जाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आमच्या वर्षभरात मुलांबरोबर उपचारात्मक काम जवळजवळ नव्हते. संख्याशास्त्र, संशोधनाची रचना, शोधनिबंधांची चिरफाड आणि प्रबंध यांतच वर्ष सरले. एवढ्यासाठी घर गहाण ठेवू नये, हे माझे प्रामाणिक मत.

पण शेवंती जो प्रश्न विचारत आहेत, तो प्रश्न शास्त्र म्हणून कसा मांडायचा हे मला तिथेच कळले. ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ या विदुषीने आयुष्यभर हेच सांगितले की विकार असलेले मूल म्हणजे सामान्य मुलातून एक सुटा भाग वजा केलेली प्रतिकृती समजू नये. वाढच आरंभापासून वेगळ्या दिशेने होत जाते. त्यांच्या गटाने १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा शोधनिबंध आम्हाला पहिल्याच महिन्यात वाचायला लावला होता. विल्यम्स सिंड्रोम आणि डाउन सिंड्रोम या दोन जनुकीय स्थितींची तुलना त्यात आहे. प्रौढपणी विल्यम्स असलेल्यांचा शब्दसंग्रह चांगला असतो आणि अंकज्ञान कच्चे. डाउन असलेल्यांचे अंकज्ञान त्यांच्यापेक्षा बरे असते. तान्ह्या वयातही असेच असेल असे कोणीही गृहीत धरेल. प्रत्यक्षात चित्रातील वस्तूंची संख्या बदलल्याचे विल्यम्स असलेल्या बाळांच्या लक्षात आले, डाउन असलेल्या बाळांच्या आले नाही. आणि शब्दांच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच मागे होते. म्हणजे मोठेपणी दिसणारा नमुना लहानपणी अस्तित्वातच नव्हता. तो वाढताना घडला.

शेवंती, तुमच्या विद्यार्थ्याच्या तीन रिपोर्टांकडे या नजरेने पाहा. सात वर्षांचा असताना जे तीन विकार दिसतात ते दोन वर्षांचा असताना तीनच होते का, हा खरा प्रश्न. परवाना मिळवून देणारे अभ्यासक्रम हा प्रश्न विचारायला शिकवत नाहीत, ही माझी तक्रार आहे. मास्तर, नोंदवहीत नाव आले म्हणजे मूल समजले असे होत नाही ना?

नागपूरकर_मास्तर

होत नाही. पण मूल समजले आणि नोंदवहीत नाव नाही, तर त्या समजण्यावर सही कोण करणार? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. सवलत, शिष्यवृत्ती, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, सारे प्रमाणपत्रावर चालते. आपल्या शोधनिबंधाचा आदर आहेच. पण दहावीच्या तोंडावर आलेल्या मुलाच्या बापाला मी तो वाचून दाखवू शकत नाही.

मधुरव

मी विद्यार्थिनी नाही आणि तज्ज्ञही नाही. माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. दोन्ही बाजू वाचल्या. एका पालकाच्या बाजूने लिहावेसे वाटले.

तो अडीच वर्षांचा असताना आम्ही एका केंद्रात गेलो. तिथे शिकाऊ मुलीने हातातल्या छापील कागदावरून मला विचारले, ‘तो तुमच्याबरोबर अटेन्शन शेअर करतो का?’ मी म्हटले, हो करतो, कारण तो दिवसभर माझ्याजवळ बसायचा. तिने ‘हो’वर खूण केली. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी एक वयस्कर ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई भेटल्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, ‘चांदोमामा दाखवता तेव्हा तो चंद्राकडे बघतो की तुमच्या बोटाकडे? काऊचा घास, चिऊचा घास म्हटल्यावर खिडकीकडे बघतो का? फ्रीजमधले काही हवे असेल तर बोटाने दाखवतो, की तुमचे मनगट धरून तिथपर्यंत नेतो?’ मला एकेक गोष्ट लख्ख आठवली. तो माझे मनगट धरायचा. माझ्या बोटाकडेच बघायचा. त्याला काय होत आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले, आणि सांगणारी मीच होते.

विद्यापीठात हे प्रश्न विचारायला शिकवतात का? शिकवत असतील तर त्या विद्यापीठाचे नाव शेवंतीताईंना सांगा. त्यापुढे पदवीचे नाव काय आहे याने आम्हाला फार फरक पडत नाही. रिपोर्टच्या चार पानांपैकी तीन पाने आकड्यांची असतात आणि शेवटच्या परिच्छेदात ‘थेरपी चालू ठेवावी’ असे असते. कोणती, किती, कशासाठी आणि घरी मी काय करू, हे लिहिण्याचेही शिक्षण कुणीतरी द्यावे.

वाचाशोध

मधुरवताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे. परवानगी असावी.

शिशुवैद्य

मी सातारा भागात बालरोगतज्ज्ञ आहे. हा धागा एम.ए. आणि एम.एस्सी.भोवतीच फिरत आहे, म्हणून सरकारी बाजू मांडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत तीस स्थिती, आणि संशयित मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान वयातच उपचार सुरू करणारे), अशी त्याची रचना आहे. अंगणवाडीत तपासणारे पथक मूल शोधून काढते. पुढे केंद्रात बालरोगतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारक, फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक एकाच छपराखाली असावेत अशी कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी की जिल्ह्याच्या ठिकाणी या पदांवर टिकून राहणारी शिकलेली माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तर कंत्राटी मानधनावर किती दिवस थांबतील याचा भरवसा नसतो. मुंबई-पुण्यात एका गल्लीत तीन थेरपी सेंटर आणि इकडे तालुक्यातून एसटीने दीड तास प्रवास करून आलेल्या आईला ‘पुढच्या मंगळवारी या’ असे सांगावे लागते. शेवंती कोल्हापूरच्या आहेत म्हणून मुद्दाम लिहिले.

शिकण्याच्या दृष्टीने पुण्याचा एक वारसा इथे कुणी सांगितला नाही. बाळांच्या विकासमापनाची जी चाचणी आपण आजही वापरतो, ती ‘डासी’, बेली यांच्या मापनश्रेणीवरून बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर प्रमाणित केली आणि १९९७ ची सुधारित आवृत्ती पुण्यातून आली. तीस महिन्यांपर्यंतची बाळे, कारक विकासाच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा त्यांच्या तारुण्यापर्यंत केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक तुलनेच्या गटापेक्षा कमी भरला. अपुऱ्या दिवसांची आणि दिवसांच्या मानानेही लहान असलेली बाळे सर्वांत मागे होती, आणि लेखन व गणितातील अडचणी तोवर उघड झाल्या होत्या. थेम्सकाठी म्हणतात तो ‘वाढताना घडलेला नमुना’ लंडनलाच पाहायला मिळतो असे नाही.

थेम्सकाठी

मान्य. हा पाठपुरावा आमच्या वाचनयादीत असायला हवा होता.

नागपूरकर_मास्तर

वारशाचा विषय निघालाच आहे तर नागपूर का मागे राहील? शाळकरी मुलांच्या बुद्धिमापनासाठी देशभर वापरली जाणारी ‘मिसिक’ ही चाचणी फादर मालिन यांनी आमच्या नागपुरात वेक्सलर यांच्या चाचणीवरून बेतली, १९६९ साली. सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूपही त्यांचेच, ८९ बाबींचे. त्याही आधी व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कानडी रूप सिद्ध केले होते.

ठोंब्या

१९६९ ची चाचणी २०२० नंतर जन्मलेल्या मुलाला लावायची? त्या काळी माझे वडील शाळेत होते, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे तेही सरासरीच्या खालीच होते.

नागपूरकर_मास्तर

ठोंब्या, विनोद सोडला तर आक्षेप बिनतोड आहे. पिढीगणिक सरासरी सरकते, त्यामुळे जुन्या मानकांवर आजचे मूल आहे त्यापेक्षा वरचे दिसू शकते, आणि ज्याला मदतीची गरज आहे ते मर्यादेच्या पलीकडे राहून जाते. नवी चाचणी महाग, तिचे मराठी प्रमाणीकरण अपुरे, आणि सरकारी रुग्णालयात कपाटात जुनीच पेटी. विद्यार्थ्याने काय करावे? चाचणी कोणत्या साली, कोणत्या मुलांवर आणि कोणत्या भाषेत प्रमाणित झाली, हे रिपोर्टमध्ये लिहावे. मी माझ्या वर्गात हे न लिहिलेला रिपोर्ट परत करतो. एवढे एक काम तरी पदवीने शिकवलेच पाहिजे.

मांडवीतीर

पणजीहून लिहितो. इथे मी एका संशोधन प्रकल्पात क्षेत्र-समन्वयक होतो. ‘परवाना की ज्ञान’ या वादात तिसरी बाजू दिसली नाही म्हणून लिहितो.

भारतातील पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते नऊ या वयोगटात, ठिकाणानुसार, साडेसहा ते साडेअठरा टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मेंदूविकासाशी निगडित विकार आढळला. त्यांतल्या अनेकांमध्ये एकाहून अधिक. आता नोंदणीकृत तज्ज्ञांची संख्या मनाशी धरा आणि या प्रमाणाला पुरे पडते का पाहा. पडणार नाही.

म्हणूनच गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने रावळपिंडीतील सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला, तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आला. स्वमग्न मुलांच्या पालकांबरोबर काम करण्यासाठी त्यांनी तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना नेमले. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले आणि बारा सत्रे. पद्धत साधी वाटते: आई आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण करायचे, मग तेच आईबरोबर बसून पाहायचे आणि मुलाने कुठे संपर्काचा प्रयत्न केला, आईने तो कुठे टिपला, हे तिलाच शोधू द्यायचे. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. याउलट दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ घटला, आणि तेही त्यांनी लपवून ठेवले नाही. चित्रीकरण पाहत असताना ‘अरे, हा माझ्याकडे बघत होता आणि मी डबा शोधत होते’ असे म्हणणारी आई ज्याने एकदा पाहिली, त्याला पदव्यांच्या उतरंडीबद्दल प्रश्न पडतातच.

नागपूरकर_मास्तर

प्रश्न पडावेत. पण त्या कार्यकर्त्यांना शिकवले कोणी, सत्रे तपासली कोणी, आणि चूक दिसली तेव्हा थांबवले कोणी? वर तज्ज्ञांची देखरेख होती. ती देखरेख करणारा माणूस कुठल्या तरी पदव्युत्तर वर्गातूनच यायचा आहे. उलट माझ्या मते तुमच्या उदाहरणावरून आमच्या अभ्यासक्रमात एक पेपर वाढला पाहिजे: इतरांना शिकवण्याचा आणि त्यांच्या कामावर नजर ठेवण्याचा. तो आज कुठेच नाही.

मांडवीतीर

या वाक्याला मात्र दुजोरा.

पिंपळपान

थोडे विषयांतर, पण शेवंती यांच्या कामाचे आहे. सध्या समाजमाध्यमांवर ‘चाळीस तासांत बिहेविअर थेरपिस्ट व्हा’ अशा जाहिराती येतात. चाळीस तासांचे प्रशिक्षण ही अमेरिकी पद्धतीतील सर्वांत खालच्या पायरीची, कायम देखरेखीखाली काम करणाऱ्या तंत्रज्ञाची पूर्वअट आहे. स्वतंत्रपणे काम करण्याचा तो परवाना नव्हे. शिवाय ते प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाने २०२३ च्या आरंभापासून आपले काम मोजक्या देशांपुरते मर्यादित केले आहे आणि भारत त्यांत नाही. जाहिरातीत हे कुठेच छापलेले नसते. माझ्या मावसबहिणीने पैसे भरल्यावर हे वाचले.

शेवंती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधुरवताईंचा प्रतिसाद वाचून मी आमच्या मुलाच्या आईला चांदोमामाचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या की तो चंद्राकडे बघायचा, बोटानेही दाखवायचा. पण दोन वर्षांचा झाल्यानंतर कानाच्या दुखण्याने बराच काळ त्रस्त होता आणि बोलणे त्याच काळात मागे पडले. हे तिन्हींपैकी एकाही रिपोर्टमध्ये नाही.

आता माझी परिस्थिती स्पष्ट लिहिते. परदेश सोडून दिला. घरी कर्ज नको आहे. तीन पर्याय मनात आहेत: आरसीआयमान्य एम.ए. चिकित्सा मानसशास्त्र, बी.एड. आणि पुढे एम.एड. विशेष शिक्षण, किंवा मानव विकास विषयात एम.ए./एम.एस्सी. शीघ्र हस्तक्षेपाच्या पदव्युत्तर पदविकेबद्दलही वाचले. यांतून निवड कशी करावी?

वाचाशोध

निदानाच्या आधी त्या मुलाची श्रवण चाचणी झाली होती का, हे प्रथम पाहा. झाली नसेल तर पालकांना सांगून लगेच करून घ्या. बाकी चर्चा नंतर.

शिशुवैद्य

वाचाशोध यांच्याशी पूर्ण सहमत. कानात पाणी साचून राहिले तर श्रवण कधी बरे, कधी कमी असे होत राहते आणि एका दिवशीच्या तपासणीत ते निसटू शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनाही दाखवावे. त्यावरून आधीची निदाने चुकली असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात.

नागपूरकर_मास्तर

आता निवडीबद्दल.

सकाळी उठून कोणते काम करायला आवडेल, यावरून ठरवा. मूल्यमापन, निदान आणि पालकांचे समुपदेशन हे करायचे असेल तर चिकित्सा मानसशास्त्र. पण त्यात मोठ्यांचे मनोविकारही तितक्याच गांभीर्याने शिकावे लागतील आणि स्पर्धा कडक आहे, कारण जागा थोड्या आहेत. मुलाबरोबर रोज बसून त्याला काही शिकवायचे असेल तर विशेष शिक्षण. शॅडो टीचरचे काम तुम्ही टिकून करत आहात, त्यावरून मला हे अधिक जुळेल असे वाटते, बी.एड. विशेष शिक्षण दोन वर्षांचे आहे, नोंदणी मिळते, आणि एम.एड.साठी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे. मानव विकास हा विषय तुमच्या मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो. एसएनडीटी, निर्मला निकेतन किंवा बडोद्याचा विभाग, तिथे आधी सामान्य मुलाचे निरीक्षण करायला बसवतात. पण त्या पदवीवर आरसीआयची नोंदणी नाही, हे ध्यानात ठेवून जावे. शीघ्र हस्तक्षेपाची पदविका सिकंदराबादच्या एनआयईपीआयडीसारख्या (बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या) राष्ट्रीय संस्थेची आहे आणि विषय तुमचाच आहे. मात्र ती प्रामुख्याने या क्षेत्रात आधीच पात्रता असलेल्यांसाठी बांधलेली आहे, त्यामुळे ती पुढच्या टप्प्यावर ठेवा.

थेम्सकाठी

मास्तरांच्या यादीवर माझा आक्षेप नाही, ही या धाग्यावरील ऐतिहासिक घटना समजावी. एकच सुचवतो. प्रवेशाआधी त्या विभागातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा की एका मुलाला त्याने सलग किती काळ पाहिले. ‘प्रत्येक आठवड्याला नवी केस’ असे उत्तर आले तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळणार नाही. तेच मूल वर्षभर पाहायला मिळत असेल तर अभ्यासक्रमाच्या छापील पुस्तिकेत काहीही लिहिलेले असो, तिथे जा.

मधुरव

आणि पालकांना वर्गात बोलवतात का, तेही विचारा. तासाचे मानधन नको, चहा चालेल.

शेवंती

श्रवण चाचणीची नोंद फाइलमध्ये नाही. आईंनी शनिवारची वेळ घेतली आहे. विशेष शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचे वेळापत्रक शोधत आहे. ठरले की इथेच कळवीन.

सोबती_७७

उशिरा आलो. माझे बी.कॉम. झाले आहे, वीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि मुलगी डाउन सिंड्रोम असलेली आहे. मला बी.एड. विशेष शिक्षणाला प्रवेश मिळू शकेल का, की त्यासाठी मानसशास्त्रच लागते?

नागपूरकर_मास्तर

मिळू शकेल. कोणत्याही शाखेची पदवी चालते, पन्नास टक्के गुण लागतात. गुणपत्रिका शोधून ठेवा.